प्रश्नाचा चौथा भाग

"फोटोत येताय," रेश्मा ओरडली. "जरा बाजूला व्हा."

ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या माणसानं कानामागं हात धरला. मग आपल्या हातातला मोबाइल खाली घेतला.

"तुम्हीपण माझ्या फोटोत येताय," तिकडून आवाज आला. "तुम्हीच व्हा की."

मे महिन्यातली सकाळ होती. खटावच्या त्या कोरड्या मुलखात मे महिन्यात ओढ्याला पाणी असायचं काही कारण नव्हतं. पण पाण्याच्या योजनेचं आवर्तन सुटलं होतं आणि ओढा दोन्ही काठ चाटत गढूळ वाहत होता. मधोमध फरशी, म्हणजे दगडी ठेंगणा पूल होता; खरं तर त्या फरशीची दोन टोकं होती. मधला वीस-बावीस फुटांचा तुकडा गेल्या भादव्यात वाहून गेला होता. बोलणं तुटलेली भावंडं लग्नात समोरासमोर बसावीत, तशी ती टोकं एकमेकांकडं बघत होती.

अलीकडं आंबेदरा, जिल्हा सातारा. पलीकडं बिरोबावाडी, जिल्हा सांगली. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही गावच्या बायकांनी खडी फोडून, पाट्या डोक्यावरनं वाहून ही फरशी बांधली, तेव्हा ती कुठल्या जिल्ह्याची हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर अलीकडच्या लेकी पलीकडं दिल्या गेल्या, पलीकडच्या अलीकडं आल्या. माहेरची आमटी सासरी गरम पोचायची, इतकं ते अंतर. फरशी तुटली, आणि सातारचे साहेब म्हणू लागले ती सांगलीची. सांगलीचे म्हणू लागले सातारची. रस्त्यानं वळसा बावीस किलोमीटरचा. आंबेदऱ्याच्या पोरींचं हायस्कूल पलीकडं होतं. त्या वर्षात नऊ पोरींची शाळा सुटली.

रेश्मा याच फरशीवरून पाच वर्षं हायस्कूलला गेली होती. आता ती तालुक्याच्या गावी, वडूजला, आमदार राजवर्धन बापूंच्या कार्यालयात कामाला होती. पत्रं, निवेदनं आणि अधिवेशन जवळ आलं की विधानसभेत विचारायचे प्रश्न, हे सगळं तीच लिही. प्रश्न आता संगणकावरून भरायचे असत. बापूंचा पासवर्ड बापूंनाही माहीत नव्हता, तो रेश्माला पाठ होता. पावसाळी अधिवेशनात यंदा या फरशीचा प्रश्न लावायचाच, असं तिनं ठरवलं होतं. त्यासाठीच तर फोटो.

"तुम्ही कुठले?" तिनं ओरडून विचारलं.

"अण्णांच्या ऑफिसातला. विट्याहून आलोय."

रेश्माच्या कपाळाला आठी पडली. अण्णा म्हणजे पलीकडच्या मतदारसंघाचे आमदार. बापू सत्तेतले, अण्णा विरोधातले. ज्या मांडवात बापू जेवत, त्या मांडवात अण्णा अक्षता टाकूनच निघत.

एवढ्यात पलीकडच्या घरातून तानुबाई चहाचा पेला घेऊन आली. ही रेश्माची सख्खी आत्या. रोज संध्याकाळी ती त्या काठावर आणि रेश्माचे वडील नाथाजी या काठावर उभे राहून घसा बसेपर्यंत बोलत. तिनं त्या तरुणाच्या हातात चहा दिला, दोन-चार शब्द बोलली, आणि मग काठावर येऊन तोंडाभोवती हात धरले.

"रेशमे, ऋषिराज नाव हाय त्याचं. एमेस्सी झालाय. लगीन न्हाई झालेलं. मी इचारलं."

या काठावर धुणं धूत असलेल्या बायका हसल्या. त्या काठावर चहा पिणाऱ्याला ठसका लागला. ओढ्यावर बोललेलं दोन जिल्ह्यांना ऐकू जातं, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

अडचण अशी होती की, रेश्माला सांगलीकडच्या टोकाची लांबी हवी होती आणि ऋषिराजला सातारकडच्या. टेप दोघांकडं होती, पूल दोघांकडंही नव्हता.

"तुमचं टोक किती भरतं?" त्यानं विचारलं.

"शत्रूला माहिती देत नाही आम्ही."

"मग मोबाइल नंबर द्या. माहिती नको."

तिनं नंबर सांगितला. दहाही आकडे ओरडून. संध्याकाळपर्यंत तो आंबेदऱ्यातल्या पाच घरांना पाठ झाला होता.

मग फोन सुरू झाले. आधी कामाचे. साडेअकरा मीटर, खांब दोन, शाळेत जाणारी पोरं एकशे सोळा. मग थोडे बिनकामाचे.

रेश्माला या माणसाचं कुतूहल वाटू लागलं. तो प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायचा. फरशी बांधताना चुना कुठून आणला? मधला दगड पहिल्यांदा कुणी ठेवला? तिनं कधी शाळेला जाताना चप्पल ओढ्यात घालवली का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर होतं, दोनदा. पण ते तिनं लगेच दिलं नाही.

"बाब तपासून पाहण्यात येत आहे," ती म्हणाली.

तो हसला. सरकारी उत्तरांची ती भाषा दोघांच्याही रोजच्या हाताखालची. त्यानंतर तीच त्यांची खेळायची भाषा झाली. जेवलात का, विचारलं की "अंशतः खरे आहे." उद्या फोन करू का, विचारलं की "प्रस्ताव विचाराधीन आहे."

एकदा त्यानं विचारलं, "तुम्ही हे काम का करता? पगार तर बेताचा."

"माझ्या वर्गात आंबेदऱ्याच्या आम्ही सहाजणी होतो," ती म्हणाली. "एका पावसाळ्यात फरशीवरून महिनाभर पाणी होतं. तेव्हा चौघींची शाळा सुटली. माझी नाही सुटली, कारण वडील फौजेतून सुट्टीवर आले होते, ते खांद्यावर घेऊन पलीकडं सोडायचे. म्हणून मी आज इथं खुर्चीत आहे. एवढंच कारण."

मग तो हळूच म्हणाला, "मग हा प्रश्न नीट लिहायला पाहिजे."

भेटायचं ठरलं औंधला. ना तिच्या ऑफिसचं गाव, ना त्याच्या. यमाईच्या डोंगराखाली रसवंतीत दोघं बसले, मध्ये लाकडी बाक, बाकावर कागद. लांबून ओरडणारा माणूस जवळून इतका हळू बोलतो, याची तिला गंमत वाटली. डोळे मात्र बोलके होते — आणि त्यांना विचारायची सवय होती.

"तुम्ही एकटेच लावा हा प्रश्न," तो म्हणाला. "तुमचे बापू सत्तेत आहेत. मंत्री ऐकतील."

"सत्तेतल्या आमदाराचा प्रश्न मंत्री चहा पाजून मिटवतात. विरोधातल्यानं विचारला तर उत्तर द्यावं लागतं. तुम्ही लावा."

"मग दोघंही लावू. आपापल्या शब्दांत. विषय एक, मजकूर वेगळा. कुणाला कळायचं नाही."

कच्चा मसुदा मात्र एकत्र केला. तो सांगत होता, ती लिहीत होती. फरशी वाहून गेली, हे खरे आहे काय. दोन्ही जिल्ह्यांचे विभाग जबाबदारी एकमेकांवर ढकलत आहेत, हे खरे आहे काय. नऊ मुलींचे शिक्षण बंद पडले, हे खरे आहे काय. तेवढ्यात आभाळ काळवंडलं. वळवाचा वारा सुटला, रसवंतीच्या पत्र्यावर टपोरे थेंब ताडताड वाजायला लागले. मातीचा वास, उसाच्या रसातल्या आल्याचा वास, आणि पत्र्याच्या आवाजात काही म्हणजे काही ऐकू येईना. दोघांनाही ओरडावं लागलं आणि दोघंही हसत सुटले.

त्यानं तिच्या हातातलं पेन घेतलं. कागदावर चौथा भाग म्हणून लिहिलं:

"सदर ओढ्याच्या दोन्ही काठांवरील माणसांना एकमेकांशी ओरडूनच बोलावे लागते व त्यामुळे मनातले बोलायचे राहून जाते, हेही खरे आहे काय?"

रेश्मानं वाचलं. तिनं मान वर केली नाही. कागदाच्या कोपऱ्यावर पावसाचा एक थेंब पडला होता, तो तिनं ओढणीच्या टोकानं फार सावकाश टिपला.

"हा भाग काढून टाका," ती म्हणाली.

"तुम्हीपण काढा," तो म्हणाला.

दोघांनी मसुद्याचा फोटो घेतला. पाऊस थांबला, एसट्या आल्या, एक वडूजला गेली आणि एक विट्याला.

त्या आठवड्यात रेश्मानं प्रश्न भरायला घेतला. पहिला भाग टाइप केला, दुसरा, तिसरा. शब्द बदलायचे ठरले होते, पण एकेक शब्द तोलून घातलेला. बदलला की उणा वाटायचा. तिला वाटलं, राहू दे, ऋषिराज बदलेल. चौथ्या भागाशी तिचं बोट थांबलं. आधी काढून टाकलं. मग परत टाइप केलं. हजारो प्रश्नांत हा तसाही अधिकाऱ्यांच्या चाळणीत गळून जाईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, आणि बटण दाबलं.

तो गळला नाही.

जूनच्या अखेरीला अधिवेशन सुरू झालं. प्रश्नांची छापील यादी आली आणि दुपारपर्यंत सगळीकडं एकच पान फिरू लागलं. मजकूर शब्दन् शब्द सारखा असला की विधानमंडळ तो एकच प्रश्न धरतं आणि विचारणाऱ्यांची नावं एका ओळीत छापतं. प्रश्न क्रमांक नऊ. वर राजवर्धन बापूंचं नाव, शेजारी अण्णांचं. खाली चार भाग. चारही.

बातमीवाल्यांना आयतं सापडलं. "बापू-अण्णांच्या मनातले काय राहून गेले?" अशी एका वाहिनीवर पट्टी फिरली. कारखान्याची निवडणूक दोन महिन्यांवर होती. दोघांचेही कार्यकर्ते पिसाळले. आम्ही यांच्यासाठी गावात भांडणं घ्यायची आणि हे आतून एक. पक्षातून विचारणा झाली. चौथ्या भागाची चित्रं निघाली, त्यांत बापू आणि अण्णा ओढ्याच्या दोन काठांवर गुलाब घेऊन उभे.

संध्याकाळी ऋषिराजचा फोन आला.

"अण्णा भडकलेत."

"चौथा भाग तुम्ही काढणार होता," रेश्मा म्हणाली.

"तुम्हीही काढणार होता."

मग तो अगदी हळू म्हणाला, "का नाही काढलास?"

आजवर तो तिला अहो-जाहो करत होता. त्या एका अक्षरानं तिच्या कानाची पाळी तापली. ती काही बोलणार, तोच दुसऱ्या फोनवर बापूंचं नाव आलं.

"रेश्मा, हा मजकूर कुणाच्या डोक्यातनं निघाला?" बापूंचा आवाज थंड होता, आणि तोच जास्त वाईट. "बोलू नको, ऐक. उद्या सकाळी मी प्रश्न मागं घेतोय. पत्र तयार कर."

प्रश्न मागं गेला की फरशी गेली. पुढचं अधिवेशन हिवाळ्यात, तोवर आणखी पाच-सहा पोरी घरी बसणार. रेश्मानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"बापू, तो मजकूर मी चोरलाय."

"काय?"

"अण्णांच्या ऑफिसातल्या माणसाचा कच्चा कागद माझ्या हाताला लागला. मी उतरवून घेतला, जसाच्या तसा. युती नाही, काही नाही. नुसती चोरी आहे, आणि ती माझी आहे. मला कामावरून काढा आणि तसं जाहीर करा. पण प्रश्न मागं घेऊ नका."

बापूंनी फोन ठेवला. त्या रात्री जेवताना नाथाजींनी लेकीकडं दोनदा पाहिलं आणि काही न विचारता भाकरीचा चतकोर तिच्या ताटात जास्तीचा ठेवला.

सकाळी आठला फोन वाजला.

"रेश्मा," बापू म्हणाले, "काल रात्री आमदार निवासाच्या लिफ्टमध्ये अण्णा भेटला. एरवी तो आत असला की मी जिन्यानं जातो. काल म्हटलं, एकदा स्पष्ट करावं. म्हणालो, अण्णा, गैरसमज नको, माझ्या ऑफिसातल्या पोरीनं तुझ्याकडनं चोरलाय मजकूर. तर तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणतो, छट, माझ्या पोरानं तुझ्याकडनं चोरलाय. मघाशीच कबूल केलंय त्यानं. मला काढा म्हणतोय, पण प्रश्न ठेवा."

रेश्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चार मजले आम्ही वर गेलो, चार मजले खाली आलो. माल एक, चोर दोन, आणि दोघंही म्हणतात मीच चोर. तीस वर्षं राजकारण करतोय मी. माणूस दुसऱ्याची चूक स्वतःवर कधी घेतो, तेवढं कळतं मला." बापूंच्या आवाजात हसू दाटलं होतं. "खरं सांग. हे प्रकरण काय आहे?"

"बापू..." रेश्मा म्हणाली. "प्रकरण विचाराधीन आहे."

बापू इतके मोठ्यानं हसले की तिनं फोन कानापासून लांब धरला.

"पत्र फाडून टाक," ते म्हणाले. "अण्णा मागं घेणार नाही म्हणाला. मग मी घेऊन सगळं श्रेय त्याच्या पदरात टाकू होय?"

प्रश्नोत्तराचा तास रेश्मानं घरी मोबाइलवर पाहिला. नाथाजी चष्मा लावून शेजारी बसले होते. तासाभरात सगळे प्रश्न येतातच असं नाही. सातव्यावर गोंधळ झाला, आठव्यावर कुणी कागद भिरकावले. घड्याळात सहा मिनिटं उरली असताना नववा पुकारला गेला. बापू आणि अण्णा दोन बाजूंनी एकदमच उठले, आणि सभागृहात हशा पिकला. मंत्र्यांनाही हसू आवरेना.

"भाग एक ते तीन, हे खरे आहे," मंत्र्यांनी वाचलं. "भाग चार..." त्यांनी कागदावरून दोघांकडं पाहिलं. "हे अंशतः खरे आहे."

हशा ओसरल्यावर बापू बोलले आणि मग अण्णा. नऊ पोरींची नावं अण्णांनी एकेक करून वाचली, तेव्हा मात्र सभागृहात कुणी हसलं नाही. महिन्याच्या आत दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र पाहणी करायची, आणि हिवाळ्यात पुरवणी मागण्यांत पैसे धरायचे, असं मंत्र्यांनी सांगितलं. नाथाजींनी चष्मा काढून पुसला.

"आणि तवर पोरींचं काय?" ते म्हणाले.

"तोवर शाळेसाठी दोन्हीकडून जीप. खर्च बापू आणि अण्णांचा, निम्मा निम्मा. मी लिहून घेतलंय," रेश्मा म्हणाली.

ऋषिराजचा एका शब्दाचा निरोप आला: "अंशतः?"

तिनं उत्तर दिलं नाही. काही गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, एवढं तिला उमगलं होतं. कुठं बोलायच्या, ते मात्र अजून उमगत नव्हतं.

श्रावणात पाहणीचा दिवस उजाडला. त्या भागात पाऊस बेताचाच. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, आता नितळ, तळचे दगड दिसतील असं. सातारचे साहेब या काठावर, सांगलीचे त्या काठावर, मध्ये टेप धरायला कुणी नाही, म्हणून दोन्हीकडून आकडे ओरडून चालले होते. दोन्ही गावं जमली होती. पलीकडच्या टोकावर ऋषिराज मोबाइल घेऊन फोटो काढत होता. तानुबाई त्याच्या शेजारीच खाटेवर बसली होती, जणू पाहणी तिचीच होती.

त्याला रेश्मा दिसली. त्यानं मोबाइल खाली घेतला.

"चौथ्या भागाचं उत्तर आलं नाही अजून," त्यानं हाक दिली.

"मंत्र्यांनी दिलं की."

"मंत्र्यांना नव्हतं विचारलं मी."

साहेबांचा आकडा मध्येच थांबला. धुणं थांबलं. दोन जिल्हे कान देऊन उभे राहिले.

"रेशमे," तानुबाई ओरडली, "दे की गं उत्तर. पोरगं सकाळपासनं उन्हात हुबं हाय. च्या बी प्यालं न्हाई."

रेश्मानं वडिलांकडं पाहिलं. नाथाजी ओढ्याकडं बघत होते, पण मिशीच्या टोकाला काहीतरी हललं. "तिसऱ्या दगडावर शेवाळ हाय," एवढंच ते म्हणाले.

तिनं चपला काढून हातात घेतल्या. यावेळी त्या घालवायच्या नव्हत्या. पाण्याखालचे दगड पायांना ओळखीचे होते. शाळेच्या वयात डोळे मिटूनही ती गेली असती. पाणी थंडगार होतं. तिसरा दगड टाळून तिनं चौथ्यावर पाय ठेवला. पलीकडून कुणीतरी "सावकाश" म्हणालं, तो आवाज कुणाचा ते तिला न बघता कळलं.

ओल्या पावलांनी ती काठ चढली आणि त्याच्यासमोर, मोबाइलच्या अगदी पुढ्यात उभी राहिली.

"फोटोत येतेय का?" तिनं विचारलं. "बाजूला होऊ?"

"नको."

"का नाही काढलास, विचारलं होतंस."

"हो."

रेश्मा एक पाऊल पुढं आली, आणि फरशी तुटल्यापासून पहिल्यांदा त्या ओढ्याच्या काठावर आवाज न चढवता बोलली. चार-पाचच शब्द असावेत. ऋषिराजचे कान लाल झाले, मग तोही काहीतरी बोलला, तसंच, हळू. पाण्याचा खळखळाट तेवढा दोन्ही काठांना ऐकू येत राहिला.

तानुबाईनं मान पुढं काढली, कानामागं हात धरला, आणि शेवटी न राहवून म्हणाली,

"आगं, जरा मोठ्यानं बोला की. आमास्नी काय बी ऐकू येईना."